माहेरची कौले

नवी मुंबईत मूळचे गाववाले कोण आणि बाहेरून आलेले कोण, हे ओळखायचे असेल तर गणपतीच्या आदल्या आठवड्यात पनवेल स्थानकावर जाऊन उभे राहावे. नेरूळ, वाशी, ऐरोली, खारघर येथून निघालेली बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे तेथे कोकण रेल्वेच्या गाडीची वाट पाहत सामानावर बसलेली असतात. त्या सामानात मखराचे साहित्य असते, मिठाईचे खोके असतात, आणि त्यांच्या जोडीला हमखास आणखी काहीतरी असते: नळाची तोटी, बिजागऱ्या, वाळवीच्या औषधाचा डबा, नाहीतर घडी घातलेली ताडपत्री. मंडळी सणाला निघालेली दिसतात खरी, पण मनात प्रत्येकाच्या गावच्या घराची डागडुजी घोळत असते.

खेड्यातले जुने घर परक्या माणसाने दुरुस्त करायला घेतले, तर काय काय होते याची वर्णने इंग्रजीत पुष्कळ आहेत. पीटर मेल नावाचे इंग्रज गृहस्थ फ्रान्समध्ये प्रोव्हान्स प्रांतातल्या जुन्या शेतघरात जाऊन राहिले. गवंडी-सुतारांची वाट पाहण्यात सरलेल्या वर्षावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले आणि ते जगभर खपले. इटलीतल्या काही ओस पडत चाललेल्या गावांनी तर एका युरोला एक घर विकायला काढले. अट एवढीच, की घेणाऱ्याने ते ठराविक मुदतीत दुरुस्त करावे. जपानात २०२३ च्या सरकारी पाहणीत ९० लाख घरे रिकामी आढळली.

आपल्याकडची तऱ्हा थोडी निराळी आहे. ते लोक परक्या देशात जाऊन परक्याचे घर आपले करतात. आपण आपल्याच घरी जातो आणि तेथे परके ठरतो. माझ्या माहेरचे घर दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी आहे. ते दुरुस्त करताना दोन हिवाळे मी नेरूळ आणि गाव अशा खेपा घातल्या. माझा धाकटा भाऊ पंचवीस वर्षांहून अधिक काळ मस्कतला आहे. सगळे त्याला परदेशी म्हणतात. पण चिऱ्याची भिंत आणि विटेची भिंत यांत फरक काय, हे मलाही सांगता येत नव्हते. म्हणजे आमच्या घरात परदेशी एकटा तोच होता असे नाही.

वादळानंतर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागाला झोडपून पुढे गेले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरे उडाली, आणि पुष्कळ गावांत वीज येण्यास कित्येक आठवडे लागले. त्यातच करोनाची टाळेबंदी. शेजारच्या काकूंचा फोन लागला तो आठ दिवसांनी. त्या म्हणाल्या, “तुझ्या घराची पुढची बाजू उघडी पडली आहे गो. आम्ही झापे टाकली आहेत, पण पाऊस काही ऐकायचा नाही.”

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेवढ्या पावसात उघडे पडलेले मातीच्या बांधणीचे घर फार दिवस धीर धरत नाही. मी जाऊ शकले तेव्हा ओटीवर शेवाळ होते, माजघराच्या एका कोपऱ्यात वाळवीने वारूळ उठवले होते, आणि आजोबांच्या हातच्या फणसाच्या दाराची खालची फळी बोट लावताच भुगा होऊन पडली.

आमच्या घरावर मंगलोरी कौले आहेत. ही कौले मुळात मिशनऱ्यांची. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून ती जलमार्गाने साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. उतरवलेली कौले खळ्यात रचताना पाठीवर उमटवलेले कारखान्याचे नाव वाचता येत होते. लहानपणी या कौलांखाली मी झोपले, पण त्यांच्या पाठीवर अक्षरे आहेत हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

सही कोणाची?

घर पडके असले की त्याला मालक पुष्कळ निघतात, आणि खर्चाची गोष्ट निघाली की एकही राहत नाही, असे आमचे वडील म्हणत. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा काढला तर घर अजून आजोबांच्याच नावावर. त्यांना जाऊन चाळीस वर्षे झाली. वारस मोजायला बसलो तर चिपळूणची आत्या, पुण्याचे दोन चुलतभाऊ, मस्कतचा भाऊ आणि मी.

पुण्याच्या मोठ्या भावाने फार गोड शब्दांत सुचवले, “ताई, तू आणि आत्या हक्कसोडपत्र करून दिलेत, तर कागद सुटसुटीत होतील. मग काम आम्ही बघतो.” कोकणातच काय, सगळ्या महाराष्ट्रात बहिणींनी अशा कागदांवर सह्या करण्याची रीत पडून गेली आहे. भाऊबीजेच्या ओवाळणीसारखीच ती परतफेड समजली जाते. कायदा मात्र निराळे सांगतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. पुढे महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीतही मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवले.

मी आत्याला विचारायला चिपळूणला गेले. वय शहाऐंशी, ऐकू कमी येते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मला त्या घरातली वीटसुद्धा नको. पण माझे नाव मी माझ्या हाताने का पुसू?” मग थोडे थांबून, “तू दुरुस्त करणार असशील तर कर. माझी सही घे. पण करायला घे, सोडायला नको.”

मी हक्क सोडला नाही आणि आत्यानेही सोडला नाही. पाचही जणांची नावे वारस म्हणून लावण्याचा अर्ज दिला आणि दुरुस्तीला पाचही जणांची लेखी संमती घेतली. यात एक वर्ष गेले. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली आहे. तिच्यात गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी होऊन मालकाला सनद मिळते. तेव्हा नावे आज नीट लागली नाहीत, तर सनदेच्या वेळी पुन्हा तेच रडगाणे.

गावात मात्र चर्चा झालीच. “माहेरवाशीण येऊन घर बांधते? भाऊ काय करतात?” असे पाणवठ्यावर कोणी विचारले, ते काकूंनी मला सांगितले, आणि आपण काय उत्तर दिले तेही सांगितले: “भाऊ पैसे धाडतात, ती पाय धाडते.”

चिऱ्याचे शिक्षण

आमचे मेस्त्री सत्तरीचे. काम करता करता बोलत नाहीत, आणि बोलू लागले की काम थांबते. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या भिंतींवर बोटाच्या पेराने टकटक केली, जसे डॉक्टर छाती तपासतात. मग म्हणाले, “भिंती धडधाकट आहेत ताई. सिमेंट तेवढे लावू नका.”

मला नवल वाटले. नेरूळला आमच्या सोसायटीत पाणी झिरपले की पहिला उपाय सिमेंटचा. मेस्त्र्यांनी समजावून दिले. जुनी भिंत जांभ्या चिऱ्याची, सांधे मातीचे. ती पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्या अंगावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की प्यायलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. “भिंत आतल्या आत रडते, आणि तुम्हांला कळते तेव्हा गिलाव्यासकट हातात येते.” म्हणून सांधे चुन्याने भरायचे आणि बाकी भिंतीला श्वास घेऊ द्यायचा.

या जांभ्याची मौज अशी, की खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने कापता येतो, आणि हवा लागली की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या साहेबाने मलबारात तो पाहिला आणि विटेसारखा कापतात म्हणून १८०७ साली लॅटिनमधल्या वीट या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. आमच्या मेस्त्र्यांना ते नाव ठाऊक नाही. पण कोणता चिरा पाण्याच्या बाजूला घालायचा आणि कोणता आत, हे ते नुसत्या रंगावरून सांगतात.

छपराचा प्रश्न सर्वांत मोठा. ऐनाचे वासे मधे शाबूत होते. वळचणीकडची टोके मात्र कुजली होती. मस्कतहून भावाने फोनवर चित्र पाहिले आणि फर्मान काढले, “स्लॅब टाक. एकदाची कटकट मिटेल.” मेस्त्र्यांनी हिशोब मांडला. चार इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते, कौलारू छपराचे पन्नाससाठच्या आसपास. मातीच्या सांध्यांची भिंत तो भार घेणार नाही. म्हणजे खांब हवेत, खांबांना पाया हवा, आणि पाया हवा तर जोते फोडायला हवे. “मग घर दुरुस्त केले असे म्हणू नका. जुने पाडून नवे बांधले म्हणा.” रंगीत पत्र्याचा पर्याय होताच. वादळानंतर गावात पुष्कळांनी तो घेतला, कारण कौले मिळत नव्हती आणि पाऊस थांबत नव्हता. त्यांना नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? दीड खोलीच्या घरात पाच माणसे भिजत असताना कोणी चुन्याच्या गोष्टी सांगू नयेत. आमच्या घरात भिजायला कोणी नव्हते, म्हणूनच आम्हांला निवड करता आली.

आम्ही कौलेच ठेवली. वाशांची कुजकी टोके कापून किंजळीचे नवे तुकडे जोडले, रिपा बदलल्या, वळचण हातभर पुढे काढली म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील.

दिवस कसे जात

सकाळी नेरूळला डोळा उघडतो तो दाराशी दुधाची पिशवी पडल्याच्या आवाजाने. गावी डोळा उघडे तो छपरावर वानरांच्या धावण्याने. त्यांच्या एका फेरीत दोनचार कौले सरकायची, आणि मेस्त्री शांतपणे म्हणायचे, “त्यांचेही हे गाव आहे.” आमचे ‘हे’ चहा होईपर्यंत हाताचे घड्याळ पाहत ओटीवर बसत. माणसे आठाला येतो म्हणाली म्हणजे दहाला येतात, हे त्यांना पंधरा दिवसांत समजले; दहाला येऊनही काम संध्याकाळपर्यंत पुरे होते, हे समजायला महिना लागला.

मजूर मिळण्याची रड मात्र खरी. गावातली तरणी माणसे मुंबईकडे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेवर स्त्रिया होत्या, म्हणजे राज्यात सर्वांत जास्त. त्याचे कारण बाप्ये चाकरीला परगावी, एवढेच. आमच्या कामावर कौले चढवायला जी पोरे आली त्यांतला एक नेपाळचा होता, आंब्याच्या बागेत राखणीला आलेला. दापोलीच्या घराचे छप्पर नेपाळचा मुलगा करतो, पैसे मस्कतहून येतात, आणि देखरेख नेरूळची!

मला तेथे सगळ्यांत नवे वाटले ते शब्दांचे. शाकारणी, झड, आढे, पाखे हे शब्द मी लहानपणी ऐकले होते. पण त्यांचे अर्थ हाताला ठाऊक नव्हते. शेणाने जमीन सारवताना माझे सारवण वाळल्यावर पापुद्र्यासारखे सुटले. काकूंनी ते पुन्हा काढले आणि एवढेच म्हणाल्या, “हात हलका ठेव. भांडी घासत नाहीस तू.”

मासेवाल्या मावशी

एक गोष्ट नेरूळमध्येच घडली, आणि घराकडे पाहण्याची माझी दृष्टी तिने बदलली. आमच्याकडे वर्षानुवर्षे मासे घेऊन येणाऱ्या आगरी मावशी आहेत. मी पायरीवर बसून त्यांना छपराचे पुराण सांगत होते. त्यांनी कोळंबी सोलता सोलता ऐकले आणि म्हणाल्या, “बरं हाय बाय तुझं. माझ्या म्हायेरचं जोतं पन नाय रायलं.”

त्यांचे माहेर विमानतळाच्या जागेत होते. नवी मुंबई वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन या शहरात आली. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जमिनी गेल्या तरी पुष्कळ गावठाणे जागेवर राहिली. आमच्या नेरूळच्या आसपास सारसोळे, करावे, शिरवणे ही नावे त्याची साक्ष देतात. विमानतळाने मात्र घरेच मागितली. दहा गावांची वस्ती उठवून वडघर-वहाळकडे नेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच डिसेंबरात विमाने उडू लागली. भाऊ आता मस्कतहून थेट आपल्या दाराशी उतरेल म्हणून आम्ही आनंदलो. तो उतरेल ती धावपट्टी मावशींच्या माहेरच्या अंगणावरून गेली नसेलच, असे कोणी सांगावे?

ज्या शहरात माझा ब्लॉक आहे, ते शहर दुसऱ्यांच्या गावांवर उभे आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण स्वतःच्या माहेरचे वासे मोजताना ते जसे कळले तसे पूर्वी कधी कळले नव्हते. ज्यांचे घर हिसकले गेले त्यांना दुरुस्त करायला काही उरले नाही. आमचे कोणी हिसकले नव्हते. आम्हीच ते कुलूप लावून सोडले होते.

घरात कोण राहणार?

छप्पर पुरे झाल्यावर काकूंनी तो प्रश्न विचारला, जो आमच्या पाच जणांपैकी एकानेही विचारला नव्हता. “आता राहणार कोण?”

आम्ही म्हणालो, गणपतीत येऊ, मे महिन्यात येऊ. त्या हसल्या. “घर पावसाने पडत नाही गो. कुलपाने पडते. चुलीचा धूर वाशाला लागला पाहिजे, केर रोज निघाला पाहिजे. मग वाळवी येते कशाला?” मेस्त्र्यांनीही तेच सांगितले. धुराने लाकूड कोरडे राहते, किडीला ते सोसत नाही. आणि माणूस आत असला की एक कौल सरकले तरी त्याच रात्री कळते. रिकाम्या घरात तेच कळायला सहा महिने लागतात, आणि तोवर वासा गेलेला असतो.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर परभणीकडचे एक तरुण शिक्षक आले होते. बायको आणि लहान मुलगी घेऊन ते एका पत्र्याच्या खोलीत राहत. मागची पडवी आणि दोन खोल्या त्यांना राहायला द्याव्या, असे मी सुचवले आणि आमच्या फोनवरच्या गटात रणधुमाळी माजली. “ते बसले तर? कूळ लागले तर?” ही भीती कोकणात तीन पिढ्यांची आहे. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला जमीन दिली. ज्यांची गेली त्यांच्या घरांत तेव्हापासून ‘दुसऱ्याला आत घेऊ नये’ हा धडा झाला. पण तो कायदा शेतजमिनीचा, कसणाऱ्या कुळांचा. राहत्या खोल्यांसाठी मुदतीचा, रीतसर नोंदणी केलेला करार करता येतो. आम्ही वकिलांकडून तसा अकरा महिन्यांचा करार करून घेतला. भावाची सही सगळ्यांत शेवटी आली. ती करताना तो म्हणाला, “मीही येथे मस्कतला अशाच करारावर राहतो, नाही का?”

मास्तरांच्या घरी स्वयंपाक गॅसवर होतो; पण आंघोळीचे पाणी न्हाणीच्या चुलीवर तापते, आणि धूर रोज पहाटे वाशांतून फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. परभणीच्या बाईंना पहिला पाऊस भयंकर वाटला. “ताई, हा थांबतो कधी?” असा त्यांचा फोन आला. दुसऱ्या पावसाळ्यात फोन आला तो निराळा: “पश्चिमेच्या पाख्याला एक कौल फुटले होते. मेस्त्र्यांकडून बसवून घेतले. तुम्ही काळजी करू नका.” काकूंनी त्यांना खापरोळ्या शिकवल्या, त्यांनी काकूंना ज्वारीची भाकरी थापायला शिकवले.

सगळे छान झाले असे म्हणणार नाही. पुण्याच्या भावांनी आपल्या वाट्याचा खर्च अजून पुरा दिलेला नाही. माळ्याची एक बाजू पैशाअभावी तशीच आहे. मास्तरांची बदली होईल तेव्हा दुसरे बिऱ्हाड शोधावे लागेल. पण आत्या गेल्या वर्षी गाडी करून आली, ओटीवर बसली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “ओल नाही.” एवढे एकच वाक्य बोलली. मला ते पुरले.

नवी मुंबईच्या कितीतरी घरांत गावच्या घराची किल्ली देवघराच्या खुंटीला अडकवलेली असते. तुमच्याकडे ती असेल, तर या दिवाळीत सिमेंटचा भाव काढण्यापूर्वी तीन गोष्टी करा. घरपट्टीची पावती कोणाच्या नावावर येते ते पाहा. बहिणींना, आत्यांना बोलावून विचारा. केवळ सहीसाठी नव्हे. आणि गावात कोणाला राहायला जागा हवी आहे याची चौकशी करा. मेस्त्री त्यानंतर बोलवावा. सुतार-गवंडी महिन्यादोन महिन्यांत आपले काम आटोपून जातात. त्यांच्यामागे रोज सकाळी न्हाणीत जाळ करायला कोणीतरी घरात हवे.